दोरा सापडत नाही

दागिन्यांच्या इतिहासावर रेडिओवर बोला, असं मला सांगण्यात आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. इतिहास सांगणं हे प्राध्यापक मंडळींचं काम. मी घरी बसून माळा ओवणारी बाई. मंगळसूत्राची पोत गाठवायची, बोरमाळेचा झिजलेला दोरा बदलायचा, पुतळ्यांच्या माळेला नवा गोंडा लावायचा आणि नवरात्र जवळ आलं की कवड्यांच्या माळा करायच्या, हा माझा उद्योग. भांडवल म्हणाल तर रेशमाच्या लडी, मेणाचा गोळा, सुया, कात्री आणि पायाचा अंगठा. दोऱ्याचा फेरा अंगठ्यात अडकवून ताण धरल्याशिवाय गाठ घट्ट बसत नाही. पन्नास वर्षांत माझ्या अंगठ्याला खाच पडली आहे. नातवंडं त्या खाचेला ‘आजीचं दुकान’ म्हणतात.

मग तेरचं संग्रहालय आठवलं आणि वाटलं, दोन शब्द आपणही सांगू शकू.

तेर आमच्या धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवर, तेरणा नदीच्या काठी. बहुतेकांना ते संत गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक. पण हे गाव गोरोबाकाकांच्याही हजार-बाराशे वर्षं आधी नावाजलेलं होतं. तेव्हा त्याचं नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं समुद्रमार्गाची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावानं ती प्रसिद्ध आहे. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर आहे आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोचच्या बंदरात येतं, असं तो सांगतो. पैठणहून मौल्यवान दगड येत, हेही त्यानं नोंदवलं आहे. हे तगर म्हणजेच आपलं तेर, असं १९०१ मध्ये फ्लीट या अभ्यासकानं मांडलं. १९५८ मध्ये चापेकरांनी तिथं उत्खनन केलं. आणि गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी पांढरीच्या मातीतून वर येणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षं जपून गोळा केल्या, त्यातून आजचं सरकारी संग्रहालय उभं राहिलं.

तिथले मणी मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बराच वेळ हलले नाही. अकीक, कार्नेलियन, काच, शंख, भाजलेली माती अशा नाना जातींचे मणी. इतर लोक मण्याचा रंग बघतात, माझी नजर भोकावर जाते. दगडाचा मणी करायचा म्हणजे आधी दगड भाजायचा, त्यानं त्याचा लाल रंग खुलतो. मग टवके काढत आकार द्यायचा, घासायचा, झिलई करायची आणि शेवटी भोक पाडायचं. भोक एका बाजूनं आरपार नेलं तर पलीकडून टवका उडतो. म्हणून दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पाडून मधे भेट घडवायची. ही भेट थोडी चुकली की आत पायरी राहते, आणि त्या पायरीवर दोरा रोज थोडा थोडा कापला जातो. माळ का तुटते, याचं उत्तर पुष्कळदा मण्याच्या पोटात असतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या तेरमध्येही अशाच माळा तुटल्या असतील आणि कुणीतरी त्या पुन्हा ओवल्या असतील.

ते ‘कुणीतरी’ मात्र सापडत नाही. मातीत दगड राहतो, शंख राहतो, सोनं तर राहतंच. दोरा कुजून जातो. मणी सापडतात तेव्हा ते सुटे सापडतात. कुठला मणी कुठल्या मण्याशेजारी होता, मधे गाठ होती की नव्हती, गोंडा कोणत्या रंगाचा होता, हे सगळं दोऱ्याबरोबर गेलेलं असतं. म्हणजे ज्या कामावर माझं घर चाललं, त्या कामाचा पुरावाच मागे राहत नाही.

तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्तीही सापडली आहे. तिच्या जातकुळीची एक मूर्ती १९३८ मध्ये थेट इटलीत, पॉम्पेई शहराच्या अवशेषांत निघाली. इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली ते शहर गाडलं गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीची. तिचं छायाचित्र पाहा. अंगावर वस्त्र नाहीच म्हटलं तरी चालेल, पण हातभर बांगड्या, कमरेला मेखला, पायांत थेट वरपर्यंत चढलेले वाळे. बाईनं आधी दागिना घालायचा, बाकीचं मग, असा तो थाट! आमच्याकडे तांड्यावरच्या जुन्या बंजारा आज्या अशाच हातभर बलोयांनी मढलेल्या मी लहानपणी पाहिल्या आहेत.

परदेशाशी नातं एकाच बाजूनं नव्हतं. पुतळ्यांची माळ आपण अस्सल मराठी दागिना समजतो. पण ‘पुतळी’ हे मूळचं इटलीतल्या व्हेनिसचं सोन्याचं नाणं, साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजनाचं आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचं. त्यावर तिथल्या संताची आणि राज्यकर्त्याची आकृती असे. आपल्या लोकांना त्यात पुतळ्या दिसल्या, त्यांनी नाण्याला कडी लावली आणि ते गळ्यात घातलं. पुढे आपल्या सोनारांनी लक्ष्मीचा ठसा करून स्वतःच्या पुतळ्या पाडल्या. तुळजाभवानीच्या दागिन्यांतही नाण्यांच्या माळा आहेत. त्यांतली एक छत्रपती शिवाजी महाराजांनी वाहिली, अशी परंपरा सांगितली जाते.

देवीची खरी माळ मात्र, आराध्यांच्या आणि गोंधळ्यांच्या लेखी, कवड्यांची. कवडी हा समुद्रातला जीव. मालदीव बेटांवरून ती गलबतं भरून हिंदुस्थानात येई आणि नाणं म्हणून चाले. बंगाल-ओरिसात तर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कवड्यांत व्यवहार होत. आपल्या भाषेत कवडीमोल, कवडीचुंबक, फुटकी कवडी हे शब्द त्या बाजारातूनच उरले. मला या शेवटच्या शब्दाची गंमत वाटते. बाजारात फुटक्या कवडीला किंमत नाही. पण माळेत ओवायची तर कवडीची पाठ दगडावर घासून आधी ती फोडावीच लागते. देवीच्या गळ्यात जाते ती फुटकीच कवडी!

आता घरची गोष्ट सांगते. ती घरची असली तरी एका कायद्याची गोष्ट आहे.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, सोनारकाम करायचे. दुकान असं नव्हतंच. ओसरीवर बागेसरी, तिच्यापुढे ऐरण, भिंतीला फुंकणी, चिमटे, मुशी. गिऱ्हाईक आपलं सोनं घेऊन यायचं आणि समोर बसून राहायचं. शहाण्णव गुंजांचा तोळा. त्यातली एक गुंजही इकडची तिकडे झाली तर गावभर बोभाटा. ओसरीची राख आणि केर आम्ही फेकत नसू, तो झारेकरी विकत न्यायचा आणि धुऊन त्यातला सोन्याचा कण काढायचा. दादांचा हात बोरमाळेला. सोन्याचा पातळ पत्रा ठोकायचा, त्याच्या वाट्या करायच्या, दोन वाट्या सांधून पोकळ मणी करायचा आणि आत लाख भरायची. मणी झाले की ते आईच्या पदरात जायचे. ओवणं, गाठवणं, गोंडा लावणं हे सगळं आईचं. घडणावळ मात्र दादांच्या हातात पडायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आईलाही नाही.

१९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं. देशाच्या तिजोरीत परकीय चलन कमी, त्यात सोन्याची चोरटी आयात मोठी. सोन्याचा हव्यास कमी व्हावा म्हणून जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रण आलं. चौदा कॅरटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायचा नाही, असा नियम झाला. ऐकायला साधा वाटतो. पण चौदा कॅरट म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी तांबं आणि चांदी. हे मिश्रण कडक. बावीस-तेवीस कॅरटचा पत्रा हातोडीखाली लोण्यासारखा पसरतो, हा कडेनं चिरतो. दादांनी एकदा करून पाहिलं. दोनदा भाजला, तिसऱ्यांदा ठोकला आणि पत्र्याला भेग गेली. बोरमाळेचा मणी त्यातून होईना. झाला असता तरी घेणार कोण? आमच्याकडचा शेतकरी सोनं घ्यायचा तो दुष्काळात मोडता यावं म्हणून. त्याला अर्धं तांबं कशाला हवं होतं?

मी तेव्हा पाच वर्षांची. मला आठवते ती थंड बागेसरी. तिच्यात आम्ही मुलांनी चिंचोके ठेवले होते आणि कुणी रागावलं नाही. तेव्हा देशभर लाखो कारागीर बसून राहिले. काहींनी जीव दिल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात गिऱ्हाइकाचा जुना दागिना मोडून त्याच शुद्धतेचा नवा करायला सवलत मिळाली. १९६६ मध्ये चौदा कॅरटची अट गेली. १९६८ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द झाला. कागदावर हे चार ओळींत संपतं. आमच्या घरात दादांनी हमाली केली, पिठाच्या गिरणीवर बसले, आणि परत ऐरणीवर बसले तेव्हा हात कापत होता.

त्या काळात घर चाललं ते आईच्या दोऱ्यावर. दोऱ्याला कॅरट नव्हतं. तिनं सोलापूरच्या बाजारातून कवड्यांची पोती आणवली. नवरात्रापासून कोजागरीपर्यंत तुळजापूरला माणसांचा पूर लोटतो, त्या पुरात ती टोपली घेऊन बसू लागली. घरी शेजारच्या बायकांच्या पोती गाठवून द्यायची, काचमण्यांचे सर करायची. आधी जे दादांच्या कामाचं शेपूट होतं, तेच आता घराचा कणा झालं.

आणि तरीही एक गोष्ट सांगते. १९७१ ची जनगणना. मोजणीचा माणूस ओसरीवर बसला होता. दादांच्या नावापुढे त्यानं लिहिलं, सोनारकाम. मग विचारलं, “आणि या काय करतात?” आईच्या मांडीवर तेव्हा कवड्यांची अर्धी माळ होती, तोंडात दोरा होता, म्हणून तिला बोलता आलं नाही. दादा म्हणाले, “काही नाही. घरीच असते.” त्यानं तसं लिहून घेतलं. दादा वाईट माणूस नव्हते. त्यांना ते खोटं वाटलंच नव्हतं. आईनं तोंडातला दोरा काढला, गाठ मारली आणि पुढची कवडी घेतली. मी तेरा वर्षांची होते. सोनारानं कान टोचले की दुखत नाही म्हणतात. मला त्या दिवशी दुखलं.

आई १९८८ मध्ये गेली. पाच वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या जिल्ह्यातलं सास्तूर आणि त्या भागातली कितीतरी गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं धाबं, सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. काही महिन्यांनी त्या बाजूची एक बाई माझ्याकडे आली. फडक्यात बोरमाळ होती, ढिगाऱ्यातून काढलेली. निम्मे मणी चेपलेले, आतली लाख दिसत होती. “सासूबाईंची आहे ताई. तेवढीच निघाली,” म्हणाली.

मी माळ धुतली आणि गोंड्याजवळ माझा हात थांबला. तिथं दुहेरी फास आणि वर उलटा वेढा होता. तशी गाठ या भागात मी फक्त एकीच्या हातची पाहिली होती. मणी दादांचे होते की नाही, ते मला सांगता आलं नसतं. गाठ आईची होती. घर पडलं, मणी चेपले, गाठ सुटली नव्हती.

दोरा बदलणं भाग होतं. मातीनं तो सडत आला होता. नवा रेशमी दोरा घातला, चेपलेले मणी तसेच ठेवले, कारण त्या बाईनं तसंच सांगितलं. जुन्या दोऱ्याचा गाठीसकट तुकडा मात्र नव्या गोंड्याच्या पोटात घातला आणि वरून रेशीम गुंडाळलं. तिला सांगून घातला. तिनं घडणावळ विचारली. मी मजुरी घेतली. आईनंही घेतली असती.

आता दिवस बदलले. तयार दागिने साखळीत येतात, त्यांना दोरा लागत नाही. एक ग्रॅमचे दागिने आले, नायलॉन आलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना आली, अठरा व्यवसायांची. यादीत सोनार आहे, माळाकारही आहे, पण तो फुलांचा. मी आपली यादी दोनदा वाचली. तक्रार करत नाही. यादी करणाऱ्यालाही मणी दिसतो, दोरा मण्याच्या आत असतो.

माझी एक सून शिकली आहे. तिची गाठ माझ्यापेक्षा बारीक बसते. पुढच्या जनगणनेची तयारी चालली आहे म्हणतात. मोजणीचा माणूस आमच्या दारात येईल आणि विचारेल, “या काय करतात?” तेव्हा तोंडात दोरा असला तरी मी तो आधी काढून ठेवणार आहे. “माळा ओवते,” म्हणणार आहे, “आणि माझी आईपण ओवायची.”