कर्करोग सेवेतील नर्सिंग : शिक्षण, शिष्यवृत्ती आणि आपल्या मुली

बारावीचा निकाल लागला की उमरीत आमच्याकडे पालकांची ये-जा सुरू होते. "सर, मुलीला कशात घालावं?" आम्ही नर्सिंगचं नाव काढलं की बरेच जण गप्प होतात. रात्रपाळी, परक्या माणसांची सेवा, उद्या रिश्ता जमायला अडचण, अशी कारणं निघतात. पण घरात अम्मीला किंवा खालाला कॅन्सर निघाला की हीच मंडळी विचारतात, "तिथं बघायला बाई नर्स आहे ना?" ती नर्स कुणाच्या तरी घरची मुलगीच असणार, आणि कुणीतरी तिला शिकवलेलं असणार. ते शिक्षण कसं होतं आणि त्यासाठी पैसा कुठून उभा राहतो, याची माहिती आम्ही इथे एकत्र देत आहोत.

कर्करोगाची नर्स वेगळी का?

केमोथेरपीची काही औषधं शिरेतून बाहेर झिरपली तर आजूबाजूचं मांस जळतं. अशा वेळी सलाईन तत्काळ बंद करायचं, पण सुई लगेच उपसायची नाही. तिच्यातूनच जमेल तेवढं औषध परत ओढून घ्यायचं. हे ठाऊक असलेली नर्स रुग्णाचा हात वाचवते. केमोनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात. तेव्हाचा ताप साधा समजून रात्रभर थांबलं तर जीवावर बेततं. तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर झालेल्यांची तोंडाची निगा, पोटावर पिशवी बसवलेल्यांची स्वच्छता, रेडिएशनने भाजलेली कातडी, शेवटच्या दिवसांत मॉर्फिनचा हिशोब, हे सगळं वेगळं शिकावं लागतं. शिवाय ही औषधं हाताळताना नर्सने स्वतःला कसं जपायचं, हाही अभ्यासाचाच भाग आहे.

प्रशिक्षित बाई काय करू शकते, याचा दाखला लातूरला लागून असलेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. १९९९ साली टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तिथल्या खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला : एचपीव्ही तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. खेड्यातली बाई तपासणीला तयार होते ती समोरच्या बाईवर भरवसा बसला म्हणून. लाज आणि परदा पाळणाऱ्या घरांत तर हे जास्तच खरं आहे.

शिक्षणाची वाट

बारावीनंतर जीएनएम ३ वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचं. बीएस्सीसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते. जीएनएम झालेल्यांना २ वर्षांत पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं. नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते.

त्यापुढे कर्करोगाकडे जाणाऱ्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली, भारतीय नर्सिंग परिषदेने आखलेली ऑन्कॉलॉजी नर्सिंगची पोस्ट बेसिक पदविका. ती १ वर्षाची आहे. जीएनएम किंवा बीएस्सी झालेल्या, नोंदणी केलेल्या आणि वॉर्डातला अनुभव असलेल्या नर्सला ती करता येते. यातला बहुतेक वेळ वर्गात नव्हे, रुग्णाच्या पलंगाशी जातो. दुसरी, बीएस्सीनंतर २ वर्षांचं एमएस्सी. तिथेही आधी १ वर्षाचा अनुभव लागतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलमध्ये हे शिक्षण मिळतं. तिथलं एमएस्सी होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या अंतर्गत आहे.

या हॉस्पिटलची सुरुवातही घरातल्या एका मौतीतूनच झाली. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजींनी त्यांच्या नावाने या आजाराच्या संशोधनासाठी निधी ठेवला, आणि पुढे त्यांच्याच ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळचं हॉस्पिटल उघडलं. आज ते केंद्राच्या अणुऊर्जा विभागाकडे आहे.

पैसे कुठून?

राज्य शासनाच्या योजना महाडीबीटी पोर्टलवर असतात. अल्पसंख्याक समाजाच्या विद्यार्थ्यांसाठी उच्च आणि व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती तिथे आहे. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. केंद्राची मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती आपल्या घरांना ओळखीची होती : २.५ लाखांपर्यंत उत्पन्न, वर्षाला २०,००० पर्यंत फी आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना १०,००० निर्वाह भत्ता. पण तिची मंजुरी २०२१-२२ पर्यंतचीच होती. म्हणून जुन्या माहितीवर विसंबून राहू नये.

२०२४ मध्ये राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण भरायचा निर्णय घेतला. यातही उत्पन्नाची मर्यादा ८ लाखच. आपल्यातले मोमीन, पिंजारी, तांबोळी, अत्तार अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसीत येतात, पण दाखला काढलेला नसतो. दाखला नसला की हक्क असूनही फी खिशातून जाते. म्हणून अकरावीतच दाखल्याच्या मागे लागा.

मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देतं. परदेशी शिकायचं असेल तर १८९२ पासून चालू असलेला जे. एन. टाटा एन्डॉवमेंट आहे. तेही कर्जच, परत फेडावं लागतं. अमेरिकेत कर्करोग नर्सेसची स्वतःची संघटना १९७५ पासून आहे, आणि तिच्याशी जोडलेलं फाउंडेशन नर्सेसना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देतं.

खरी अडचण फीची नाही

आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने जीएनएम केलं आणि एका खासगी दवाखान्यात लागली. पदविकेचा फॉर्म तिने भरला नाही. फी जमली असती. पण तिच्या पगारावर धाकट्या भावाची शाळा चालली होती. "सर, वर्षभर माझा पगार कोण देईल?" या सवालाला आमच्याकडे जवाब नव्हता.

त्यानंतर आम्ही शिष्यवृत्तीकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागलो. बारावीच्या मुलीला फी माफ झाली तर खूप झालं. कमावत्या नर्सला मात्र फीपेक्षा महिन्याचा आधार लागतो. म्हणून प्रवेशाची जाहिरात वाचताना चार गोष्टी आधी पाहाव्यात : दरमहा विद्यावेतन किती, वसतिगृह मिळतं का, बाँड किती वर्षांचा, आणि मध्येच सोडलं तर किती रक्कम भरावी लागेल. सरकारी नोकरीत असाल तर शिक्षणासाठी पगारी रजा किंवा प्रतिनियुक्ती मिळते का, हे लेखी विचारून घ्या. पदविका शिष्यवृत्तीच्या यादीत येते का, याचीही कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाआधीच खात्री करा.

आणि जिथे सरकारी योजना पोचत नाही, तिथे समाजाने उभं राहावं. गावातल्या चार-पाच घरांनी मिळून एका नर्सच्या घरचा वर्षभराचा किराणा उचलला, तर तीही शिष्यवृत्तीच आहे.

तयार ठेवायचे कागद

आधार जोडलेलं बँक खातं, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अल्पसंख्याक असल्याचं स्वयंघोषणापत्र, ओबीसी असल्यास जातीचा दाखला, वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर. नर्सिंग झालेल्यांनी कौन्सिलचं नोंदणीपत्र आणि अनुभवाचा दाखला. सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच हवं. शेख कुठे आधी, कुठे नंतर, एवढ्यावरून अर्ज अडकतात.

उमरीहून कॅन्सरचा रुग्ण आज संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, लातूरला, हैदराबादच्या एमएनजेला नाहीतर थेट परळला जातो. उपचार लांबच्या शहरात होतात, पण केमो घेऊन माणूस परत येतो तो आपल्याच गल्लीत. रात्री दोनला ताप चढला तर काय करायचं, हे सांगणारी एक शिकलेली नर्स तालुक्यात असली पाहिजे. आपल्या घरात अशी मुलगी असेल तर तिला अडवू नका, आणि तिच्या त्या एका वर्षाचा खर्च जमवायला आजपासूनच लागा.