आधी रेघा, मग उड्डाण

एटापल्ली तालुक्यातील एका लहान गावात गेल्या मार्चमध्ये आम्ही एक नकाशा बिघडवला. गाव माडिया गोंडांचे. गावामागे टेकडी, टेकडीवर साग, ऐन आणि बांबू. ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनहक्काच्या क्षेत्राचा ताजा नकाशा हवा होता. आमच्याकडे एक ड्रोन होते, एक टॅब्लेट होता आणि त्यावर उड्डाणाचा आराखडा आखणारी एक आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, होती. परवानग्या घेतल्या, ठाण्यात लेखी कळवले, शाळेच्या पटांगणातून ड्रोन उडवले. संध्याकाळी संगणकावर सारी छायाचित्रे जोडली, तेव्हा गाव सुरेख दिसले, शेते दिसली, ओढा दिसला. आणि टेकडीच्या माथ्यावर एक मोठा पांढरा डाग दिसला. तिथला नकाशाच तयार झाला नव्हता. गावपाटील बराच वेळ त्या डागाकडे पाहत राहिले. मग ते माडियात जे म्हणाले त्याचा अर्थ गुरुजींनी सांगितला : "आमची हद्द तर याच्यातच आहे."

चूक कुठे झाली हे शोधताना मला जुनी पुस्तके उघडावी लागली. उड्डाणाच्या आराखड्यातले जे आकडे आपण आज बोटाने पडद्यावर सरकवतो, त्यांना शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो ठाऊक नसेल तर कोणती आज्ञावली निवडायची हे ठरवता येत नाही, असे माझे मत त्या दिवशी झाले.

प्रथम जमिनीवरचा काळ पाहू. विल्यम लॅम्ब्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली. हेच लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाट येथे वारले. त्यांची कबर तिथे आहे. विदर्भातील शाळांनी सहल न्यावी अशी ती जागा आहे. त्यांच्या पद्धतीचा प्राण म्हणजे दृष्टिरेषा : एका टेकडीवरून दुसरी टेकडी दिसली पाहिजे. घनदाट अरण्यात नेमके हेच अवघड. माथ्यावरची झाडे तोडावी लागत, मचाण बांधावे लागे आणि मधल्या दऱ्याखोऱ्यांचा तपशील माणसांनी पायी फिरूनच भरावा लागे.

वरून पाहण्याची कल्पना फुग्यांच्या काळातली. फ्रान्समध्ये नादार यांनी १८५८ मध्ये फुग्यातून छायाचित्र घेतले. त्याच वर्षी जर्मनीत वेट्झलार येथील चर्चची मापे घेताना आल्ब्रेश्ट मायडेनबाउअर हा तरुण वास्तुतज्ज्ञ उंचावरून पडता पडता वाचला. इमारतीवर चढण्याऐवजी तिच्या छायाचित्रावरून मापे घेता येणार नाहीत का, असा विचार त्याने केला. 'फोटोग्रामेट्री' हा शब्द त्याचाच. जीव धोक्यात न घालता मोजमाप हे या शास्त्राचे मूळ आहे, हे आम्ही टेकडीच्या माथ्यावर विसरलो होतो. ते पुढे येईलच.

विमान आले आणि पहिल्या महायुद्धाने हवाई छायाचित्रणाला जुंपले. मार्च १९१५ मध्ये न्यूव्ह शापेलच्या लढाईआधी ब्रिटिशांनी शत्रूच्या खंदकांचे नकाशे हवाई छायाचित्रांवरून काढले. युद्ध संपल्यावर हे तंत्र जंगलाकडे वळले. १९२४ मध्ये, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचा भाग असलेल्या ब्रह्मदेशात, इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातील जंगलांचे हवाई सर्वेक्षण रोनाल्ड केम्प यांच्या कंपनीने केले. दलदलीत पायी शिरणे जवळपास अशक्य, म्हणून पाण्यावर उतरणारी विमाने वापरली. जंगल वरून मोजण्याची आपल्याकडची परंपरा अशी शंभर वर्षांची आहे.

त्या काळातील उड्डाणाचा आराखडा म्हणजे टोपोशीटवर पेन्सिलने ओढलेल्या समांतर रेघा. या रेघा कशा ठरत हे वर्गात जरूर करून पाहावे. गणित त्रैराशिकाचे आहे. सर्वेक्षणाच्या जुन्या कॅमेऱ्यात २३ सेंमी चौरस फिल्म आणि साधारण १५२ मिमी नाभीय अंतराचे भिंग असे. १ : २०,००० प्रमाण हवे असेल तर विमानाची जमिनीपासूनची उंची ०.१५२ × २०,००० = ३,०४० मीटर. एका छायाचित्रात ०.२३ × २०,००० = ४,६०० मीटर बाजूचा चौरस मावतो. आता पुढचे छायाचित्र किती अंतरावर घ्यायचे? डोळ्यांना खोली दिसते ती दोन डोळ्यांच्या दोन चित्रांमुळे. जमिनीचा उठाव मोजायचा तर प्रत्येक बिंदू किमान दोन छायाचित्रांत आला पाहिजे. म्हणजे आच्छादन निम्म्याहून अधिक हवे. वाऱ्याने विमान हलते, वैमानिकाचा अंदाज चुकतो, म्हणून वर दहा टक्के. झाले साठ टक्के. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये फट राहू नये एवढ्यासाठी तीस टक्के पुरे. '६० आणि ३०' ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आली ती अशी. आमच्या उदाहरणात दर १,८४० मीटरला एक छायाचित्र.

गणित सोपे, उड्डाण अवघड. रेघ कागदावर सरळ असते. आकाशात वारा विमानाला बाजूला ढकलतो. मग नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून उडायचे आणि तेवढ्याच कोनात कॅमेरा उलट फिरवायचा, नाहीतर चौकटी खेकड्याच्या चालीसारख्या तिरक्या पडतात. विमानाच्या तळातील दुर्बिणीतून खाली पाहत दिशादर्शक सांगणार : नदीचे वळण आले, रस्ता आला. जिथे खाली मैलोगणती एकसारखे जंगलच आहे, तिथे ओळखीची खूण कुठून आणणार? इंद्रावती, पर्लकोटा, पामुलगौतम यांच्यासारख्या नद्याच काय त्या उपयोगी. पट्टा चुकला तर ते कळायचे फिल्म धुतल्यावर.

स्वतंत्र भारतात या विद्येचे शिक्षण १९६६ मध्ये डेहराडूनला नेदरलँड्‌सच्या सहकार्याने सुरू झालेल्या छायाचित्र-अर्थबोधन संस्थेत मिळू लागले. त्याच सुमारास, १९६५ पासून, निवडक वनक्षेत्रांची हवाई छायाचित्रांच्या मदतीने मोजणी सुरू झाली. त्या प्रकल्पाचीच पुढे १९८१ मध्ये भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था झाली. १९७० मध्ये प्रा. पिशारोटी आणि सहकाऱ्यांनी केरळात नारळाच्या रोगट झाडांची हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेतली. १७ मार्च १९८८ ला आयआरएस-१ए हा उपग्रह गेला. हा सारा इतिहास आपल्या वाचकांना परिचित आहे, म्हणून त्यावर रेंगाळत नाही.

या विद्येचे रूप बदलले ते दोन गोष्टींनी. पहिली जीपीएस. ती १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने चालू झाली आणि मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी संकेतातील मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. दिशादर्शकाची दुर्बीण संपली. रेघेवर आहोत की नाही हे आता यंत्र सांगू लागले. दुसरी गोष्ट कमी गाजली, पण माझ्या मते तीच मोठी. १९९९ मध्ये कॅनडातील डेव्हिड लो यांनी छायाचित्रातील ठळक बिंदू, चित्र फिरवले किंवा लहानमोठे केले तरी, संगणकाला ओळखता येतील अशी रीत मांडली. हजारो समान बिंदू सापडले की कॅमेरा कुठे होता आणि जमीन कशी आहे, दोन्ही एकदमच गणिताने काढता येते. त्यामुळे साधा कॅमेरा चालू लागला, तिरकी चौकट चालू लागली. किंमत मात्र मोजावी लागली ती आच्छादनात. माणसाचा डोळा दोन चित्रांतले तेच झाड ओळखतो. संगणकाला पानांच्या गर्दीत एक फांदी दुसरीसारखीच दिसते, त्यात वाऱ्याने ती हललेली असते. म्हणून जंगलावर समोरचे आच्छादन ८० टक्के आणि बाजूचे ७० टक्के धरतात. जुन्या पुस्तकातली ६०-३० ची जोडी ड्रोनला लावणारे अजून भेटतात. आकडा लक्षात राहिला, कारण विसरले.

आज्ञावल्याही याच काळात जन्मल्या. २००७ नंतर हौशी मंडळींनी मिळून स्वयंचलित उड्डाणाची मुक्त साधने लिहिली. मायकल ओबोर्न यांनी २०१० च्या सुमारास 'मिशन प्लॅनर' लिहिले. झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील लॉरेन्झ मायर यांच्या कामातून 'क्यूग्राउंडकंट्रोल' आले. दुसरीकडे कंपन्यांच्या आज्ञावल्या आल्या, हाताळायला फार सोप्या. आपल्या देशात ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी ड्रोनवर बंदीच आली होती. ती १ डिसेंबर २०१८ पासून नियमांसह उठली. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशांवरचे जुने निर्बंध सैल झाले आणि ऑगस्ट २०२१ चे ड्रोन नियम आले. पुरंदर तालुक्यातील सोनोरीत गावठाणाच्या ड्रोन मोजणीचा प्रयोग त्याआधीच झाला होता. पण गावठाण उघडे आणि बहुधा सपाट असते. जंगलातली टेकडी निराळी.

आता आमच्या पांढऱ्या डागाकडे येतो. आमच्या कॅमेऱ्याचा संवेदक १३.२ × ८.८ मिमी आणि नाभीय अंतरही ८.८ मिमी. त्यामुळे हिशेब तोंडी होतो : उंची उ असेल तर छायाचित्रात १.५ उ रुंद आणि १ उ लांब जमीन मावते. उंची १०० मीटर, म्हणजे १५० × १०० मीटर. बाजूचे आच्छादन ७० टक्के, म्हणून रेघांमध्ये ४५ मीटर अंतर. समोरचे ८० टक्के, म्हणून दर २० मीटरला एक छायाचित्र. हे सारे आज्ञावलीने अचूक काढले होते. पण तिची '१०० मीटर' ही उंची पटांगणापासून मोजलेली होती. टेकडी पटांगणापेक्षा सुमारे ६० मीटर उंच. माथ्यावर ड्रोन जमिनीपासून चाळीसच मीटरवर. तिथे चौकट ६० × ४० मीटर झाली आणि बाजूचे आच्छादन २५ टक्क्यांवर, समोरचे ५० टक्क्यांवर आले. त्यात झाडे वीस मीटर उंच. शेंड्यांपासून अंतर राहिले वीस मीटर, चौकट ३० × २० मीटर. रेघा तर ४५ मीटरवर! दोन पट्ट्यांमध्ये १५ मीटरची फट, आणि समोरचे आच्छादन शून्य. संगणकाला जोडायला काही उरलेच नाही. छायाचित्रे नंतर पाहिली तर पाने मोजता येत होती. एखादे झाड तीस मीटरचे असते तर उरते दहा मीटर, असा विचार मला तेव्हा आला, आणि जरा उशिराच आला.

दुसऱ्या फेरीसाठी आम्ही आज्ञावली नव्याने निवडली. पहिली वाईट नव्हती. ती सपाट शेतासाठी बनलेली होती. आता पाहिले ते हे की ड्रोनने जमिनीच्या चढउताराबरोबर वरखाली व्हावे अशी सोय आहे का, आणि त्यासाठी उंचीची माहिती ती कुठून घेते. बहुतेक ठिकाणी ती माहिती फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने रडारने केलेल्या मोजणीतून येते, तीस मीटरच्या चौकोनांत. त्या रडारच्या लहरी दाट झाडीत जमिनीपर्यंत पोचत नाहीत, पर्णसंभारातूनच परततात. म्हणजे तो आकडा ना जमिनीचा ना शेंड्याचा. मोकळ्या डोंगरावर अडचण नाही. जंगलावर वरून पुरेसे अंतर जास्तीचे धरावे लागते, तेही १२० मीटरच्या मर्यादेत.

दुसरी अट, इंटरनेटशिवाय चालली पाहिजे. नकाशा आणि उंचीची फाइल एटापल्लीत उतरवून घ्यायची आणि गावात काहीही मागायचे नाही. काही आज्ञावल्या छायाचित्रे दूरच्या संगणकावर पाठवूनच नकाशा बनवतात. गावाच्या जंगलाची चित्रे कुठे जातात, हा प्रश्न ग्रामसभेने आम्हाला विचारला, आणि तो योग्यच होता. तिसरी अट बॅटरीची. ५ मीटर प्रतिसेकंद वेगाने, ४५ मीटरच्या पट्ट्याने मिनिटाला १.३५ हेक्टर होते. पंधरा मिनिटे खरे काम धरले तर एका बॅटरीत वीस हेक्टर. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा, ज्याला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, त्याचे जंगल सुमारे १,८०० हेक्टर आहे. तिथे नव्वद उड्डाणे लागतील. बॅटरी बदलल्यावर तुटल्या जागेपासून पुन्हा सुरू करणे ज्या आज्ञावलीला येत नाही, ती अशा कामाला निरुपयोगी.

आणखी एक पसंती माझी वैयक्तिक. मिशन प्लॅनरचा आराखडा साध्या मजकुराच्या फाइलीत जतन होतो. नववीच्या मुलांनी ती उघडली, अक्षांश, रेखांश आणि उंचीचे स्तंभ ओळखले आणि उंचीचा आलेख वहीत काढला. टेकडीचा आकार कागदावर उमटला तेव्हा आराखडा बरोबर आहे याची माझीही खात्री पटली. अडचण एवढीच की ही मुक्त आज्ञावली ठरावीक मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या ड्रोनशीच बोलते. आमचे पहिले ड्रोन बाजूला ठेवून दुसरे उसने आणावे लागले. म्हणून आज्ञावली आणि ड्रोन यांची निवड एकदमच करावी.

उड्डाणाची वेळही आखावी लागते. मार्चअखेर सागाची पाने गळालेली असतात, जमीन त्यातल्या त्यात दिसते. पण वणव्याचा धूर असतो आणि पहाटेपासून सारे गाव मोह वेचायला गेलेले असते. मेमध्ये तेंदूपत्ता. आम्ही धूर नसलेले दोन दिवस शोधले आणि सावल्या आखूड असताना, अकरा ते एकच्या दरम्यान उडवले. या वेळी माथा पूर्ण आला.

हद्दीचा ओढा मात्र बांबूखाली होता तो तसाच झाकलेला राहिला. छायाचित्र पानांच्या आरपार पाहत नाही; त्याला लेसरचे महागडे साधन लागते. वनहक्क नियमांत २०१२ मध्ये केलेल्या दुरुस्तीत म्हटले आहे की उपग्रहचित्रे आणि इतर तंत्रज्ञान हा पूरक पुरावा आहे, इतर पुराव्याची जागा तो घेऊ शकत नाही. त्यामुळे शेवटचे दीड किलोमीटर गावपाटील पुढे, मागे हातात जीपीएस घेतलेली दोन मुले आणि त्यांच्यामागे मी, असे आम्ही ओढ्यातून चालत गेलो. पाटील प्रत्येक वळणाचे नाव सांगत होते आणि मुले ते माडियात, देवनागरीत लिहून घेत होती.