तराजू कोणाच्या हाती?

माल पिकतो एका ठिकाणी, घडतो दुसऱ्या ठिकाणी आणि खपतो तिसऱ्याच ठिकाणी. ही ठिकाणे जोडणाऱ्या व्यवस्थेला हल्ली ‘पुरवठा साखळी’ म्हणतात. घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने या साखळीचे दोन नमुने मला येथे सांगावयाचे आहेत.

पहिला विडीचा. सिन्नर, सोलापूरकडील हजारो स्त्रियांनी विड्या वळून संसार चालविले. ठेकेदाराने तेंदूची पाने व तंबाखू मोजून द्यावी, बाईने विड्या वळून न्याव्या आणि त्याने काही ‘वाईट’ म्हणून बाजूला काढाव्या, त्यांची मजुरी बुडालीच! पाने कमी पडली तरी भुर्दंड तिलाच. या तक्रारी इतक्या वाढल्या होत्या, की १९६६ च्या विडी कामगार कायद्यात कच्चा माल आणि नाकारलेल्या विड्या यांवरील तंट्यांसाठी वेगळी तरतूद करावी लागली.

दुसरा नमुना पापडाचा. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका गच्चीवर सात गृहिणींनी पापड लाटले. श्रीमती जसवंतीबेन पोपट त्यांपैकी एक. भांडवल उसन्या ८० रुपयांचे, पहिल्या दिवसाचा माल चार पाकिटे! पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून पहिल्या वर्षी चार महिने काम बंद पडले. पुढील वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह पेटविला आणि साखळीची तुटलेली कडी सांधली. हीच ‘लिज्जत’. १९६६ साली संस्थेची रीतसर नोंदणी झाली.

येथेही पीठ केंद्रात मळले जाते, भगिनी ते घरी नेतात, लाटलेले पापड दुसऱ्या दिवशी वजन करून देतात. तेथेही पापडांची तपासणी होते आणि ती कडक असते. मग विडीहून वेगळे काय? पीठ मोजणारी आणि पापड तपासणारी ही भगिनींपैकीच एक असते आणि नफा-तोटा सर्वांचा असतो. म्हणून शिस्त जाचक वाटत नाही. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी या साखळीत आहेत.

कष्ट दोन्हीकडे सारखेच. फरक पडला तो माल एका हातून दुसऱ्या हाती जातो त्या जागी. मंडळात एखाद्या गृहउद्योगाचा विचार निघेल तेव्हा काम किती मिळेल हे आपण विचारूच. पण तराजू कोणाच्या हाती राहील, हे त्याआधी विचारावे, असे मला वाटते.