तारापूर अणुभट्ट्यांची इंधन पुरवठा साखळी

पालघर जिल्ह्यातील तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांना युरेनियम, सुटे भाग व तांत्रिक सेवा पुरविणाऱ्या व्यवस्थेस तारापूरची पुरवठा साखळी असे म्हणता येते. या अणुभट्ट्यांची क्षमता प्रत्येकी 160 मेगावॅट (मूळ 210 मेगावॅट) आहे. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 300 मेगावॅटपर्यंतच्या अणुभट्ट्यांना लघु मानते. त्यामुळे नव्या लघु अणुभट्ट्यांची पुरवठा साखळी कितपत टिकाऊ ठरेल, हे तपासताना तारापूरचा अनुभव मार्गदर्शक ठरतो.

पार्श्वभूमी

भारत व अमेरिका यांच्यात 1963 मध्ये तीस वर्षांचा करार झाला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उकळत्या पाण्याच्या प्रकारच्या दोन अणुभट्ट्या उभारल्या व 1969 मध्ये त्यांतून वीजनिर्मिती सुरू झाली. नैसर्गिक युरेनियममध्ये विखंडनक्षम युरेनियम-235 केवळ 0.7 टक्के असते. या अणुभट्ट्यांना मात्र समृद्ध युरेनियम लागते. ते अमेरिकेतून आणून हैदराबादच्या अणुइंधन संकुलात त्याच्या गोळ्या व इंधनसंच तयार केले जात.

पुरवठ्यातील खंड

1974 च्या पोखरण चाचणीनंतर हा पुरवठा वादग्रस्त ठरला. अमेरिकेच्या 1978 च्या अण्वस्त्र प्रसारबंदी कायद्याने खरेदीदार देशातील सर्व अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय तपासणीची अट घातली. भारताने ती मान्य केली नाही. 1980 मध्ये 38 टन इंधनाच्या निर्यातीस सेनेटने 48 विरुद्ध 46 मतांनी वाट मोकळी केली. तथापि पुढे अमेरिकी पुरवठा थांबला. 1982 मधील समझोत्यानुसार ही जबाबदारी फ्रान्सने स्वीकारली. त्यानंतर चीन व रशिया यांच्याकडून इंधन मिळाले. भारतीय शास्त्रज्ञांनी प्लुटोनियमयुक्त मिश्र ऑक्साइड इंधनाचाही पर्याय विकसित केला व त्याचे काही संच 1990 च्या दशकात तारापूरला वापरले.

वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेस अमेरिकेची संमती न मिळाल्याने ते केंद्राच्या आवारातच साठवावे लागले. म्हणजेच साखळीचे आरंभीचे व अखेरचे अशी दोन्ही टोके परराष्ट्राच्या निर्णयावर अवलंबून राहिली.

मूल्यमापनाचे निकष

या अनुभवावरून पुढील निकष महत्त्वाचे ठरतात:

* इंधनाचे स्रोत: एकाच देशावर अवलंबून राहणे धोक्याचे असते.
* कराराच्या अटी: दुसऱ्या देशाचा नवा कायदा जुन्या करारावर परिणाम करू शकतो.
* देशी निर्मिती: सुटे भाग व देखभालीचे कौशल्य देशात असल्यास केंद्र चालू ठेवता येते.
* साठा: पुरवठा थांबल्यास किती काळ काम चालेल, हे पाहावे लागते.
* वापरलेले इंधन: त्याची साठवण वा पुनर्प्रक्रिया आधीच ठरलेली असावी.
* खाणीचा परिसर: झारखंडमधील जादुगोडा येथील खाणीच्या गाळतलावांमुळे आरोग्यास अपाय होतो, अशी तक्रार तेथील आदिवासींनी केली, खाण कंपनीने ती नाकारली. असा सामाजिक भारही हिशेबात धरावा लागतो.

नव्या लघु अणुभट्ट्या

फेब्रुवारी 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी 20,000 कोटी रुपयांची तरतूद जाहीर झाली. 2033 पर्यंत किमान पाच देशी लघु अणुभट्ट्या कार्यान्वित करण्याचे उद्दिष्ट आहे. प्रस्तावित 200 मेगावॅट अणुभट्टीला किंचित समृद्ध युरेनियम लागेल व तिचा पहिला संच तारापूरलाच नियोजित आहे.

याउलट 220 मेगावॅटची 'भारत लघु अणुभट्टी' नैसर्गिक युरेनियम व जड पाण्यावर चालणारी आहे. रायगड जिल्ह्यातील थळ येथे जड पाण्याचा कारखाना असल्याने हा दुवा देशी आहे. परंतु नैसर्गिक युरेनियमही नेहमीच पुरेसे नसते. 2008 च्या सुमारास त्याच्या टंचाईमुळे देशातील अनेक अणुभट्ट्या कमी क्षमतेने चालवाव्या लागल्या. सप्टेंबर 2008 मध्ये अणुपुरवठादार गटाने सूट दिल्यानंतर आयातीचा मार्ग खुला झाला. अणुभट्टीचा आकार लहान केल्याने भांडवल व जागा कमी लागू शकते. इंधनाचे परावलंबन मात्र आकारावर नव्हे, तर इंधनाच्या प्रकारावर ठरते.

हे सुद्धा पहा

तारापूर अणुविद्युत केंद्र, भाभा अणुसंशोधन केंद्र, जड पाणी, युरेनियम