वाफेतील सिलिका : सिरॅमिक संमिश्रांवरील संरक्षक लेपांची वाटचाल

वायुटर्बाइनच्या तप्त भागांत निकेलच्या मिश्रधातूंऐवजी सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंनी बळकट केलेले सिलिकॉन कार्बाइड वापरण्याचा विचार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजला. कोरड्या ऑक्सिजनमध्ये या संमिश्राच्या पृष्ठभागावर सिलिकाचा थर तयार होतो. तो जाड होत जातो तसे ऑक्सिडीकरण मंदावते. या थरावरच सारी भिस्त होती.

परंतु इंधन जळताना पाणी निर्माण होतेच. बाष्पात सिलिकॉनचे ऑक्सिडीकरण अधिक वेगाने होते, हे डील व ग्रोव्ह यांनी 1965 मध्येच दाखविले होते. मात्र तो विषय इलेक्ट्रॉनिक्सचा मानला गेला. नासाच्या लुईस केंद्रातील (1999 पासून ग्लेन केंद्र) ओपिला व हान यांनी 1997 मध्ये याहून गंभीर बाब स्पष्ट केली. सिलिका बाष्पाशी संयोग पावून वायुरूप हायड्रॉक्साइड बनते. थर खालून वाढतो व वरून उडून जातो. कालांतराने त्याची जाडी स्थिर राहते, परंतु संमिश्र मात्र एकसारखे झिजत राहते. ज्याला कवच मानले, तेच ऱ्हासाचा मार्ग ठरले.

लेपाची कल्पना याआधीची आहे. वितळलेल्या क्षारांपासून बचाव करण्यासाठी म्युलाइट वापरले जाई. पण त्यातील सिलिकाही वाफेत उडते. त्यावर झिर्कोनियाचा थर दिल्यास त्याचे औष्णिक प्रसरण सिलिकॉन कार्बाइडच्या जवळजवळ दुप्पट असल्याने तडे जात. अखेर सिलिकॉन, म्युलाइट व बेरियम-स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनोसिलिकेट अशी रचना पुढे आली. सोलर टर्बाइन्सच्या यंत्रांतील प्रत्यक्ष चाचण्यांत लेपविरहित अस्तर सुमारे 5,000 तास, तर लेपित अस्तर जवळजवळ 14,000 तास चालले. प्रयोगशाळेतील कोणत्याही आलेखापेक्षा ही तुलना अधिक बोलकी म्हणावी लागेल.

हा लेप सुमारे 1300 अंश सेल्सिअसपलीकडे सिलिकाशी संयोग पावून काचमय होतो. म्हणून लक्ष दुर्मिळ मृदा सिलिकेटांकडे वळले. यटर्बियम डायसिलिकेटचे प्रसरण सिलिकॉन कार्बाइडशी जुळते. मोनोसिलिकेट वाफेत अधिक टिकते, पण तापल्यावर जास्त प्रसरण पावते. 2016 मध्ये लीप इंजिन प्रवासी विमानांत रुजू झाले, तेव्हा त्याच्या टर्बाइनभोवतालच्या कड्यांत अशी संमिश्रे होती.

बंधक थरातील सिलिकॉन 1414 अंशांना वितळते, ही मर्यादा आजही आहे. शिवाय लेपातून झिरपणाऱ्या बाष्पामुळे त्याखाली पुन्हा सिलिकाच वाढते; थंड होताना तिच्या स्फटिकरचनेत बदल होऊन ती तडकते आणि लेप सुटू लागतो.