आयर्लंडांतील आडनांवें : मूळ रूप व इंग्रजी वेष

कुलवृत्तान्ताच्या शोधांत आडनांव हें साधन जितकें सुलभ, तितकेंच फसवें आहे. आयर्लंड हें याचें ठळक उदाहरण होय. तेथील आडनांवें आज बहुधा इंग्रजी वेषांत आढळतात. त्या वेषावरूनच कुळाचें मूळ ठरवूं गेल्यास संशोधक चुकतो, हें दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

वंशपरंपरागत आडनांवें आयर्लंडांत युरोपांतील बहुतेक देशांपेक्षां आधीं रूढ झालीं. इ. स. ९१६ मध्यें गॉलवे प्रांतांतील एक अधिपति वारल्याची जी नोंद बखरींत आहे, तींत 'ओ क्लेरी' हें आडनांव येतें. 'ओ' म्हणजे नातू किंवा वंशज व 'मॅक' म्हणजे पुत्र. ९१९ मध्यें डब्लिनजवळ नॉर्स लोकांशीं लढतांना पडलेल्या नील राजापासून 'ओनील', आणि १०१४ मध्यें क्लोंटार्फ येथें मारल्या गेलेल्या ब्रायन बोरूपासून 'ओब्रायन' हीं घराणीं निघालीं. आपलें 'कर'प्रत्ययान्त आडनांव गांव सांगतें. गेलिक आडनांव बहुधा पूर्वज सांगतें. धंदादर्शक आडनांवांतही पुत्रवाचक शब्द असतोच. 'मॅक अन् व्हार्ड' म्हणजे भाटाचा पुत्र. त्याचेंच आज 'वॉर्ड' झालें आहे.

नॉर्मन लोक ११६९ मध्यें आले. त्यांच्या 'फिट्झ' या शब्दाचाही अर्थ पुत्र असाच. तथापि 'फिट्झपॅट्रिक' हें कुळ नॉर्मन नव्हे. त्याचें मूळ रूप 'मॅक गिल्ला फाड्रिग', म्हणजे संत पॅट्रिकच्या सेवकाचा पुत्र.

पुढें १४६५ च्या कायद्यानें डब्लिनच्या आसपास इंग्रजांमध्यें राहणाऱ्या आयरिश लोकांनीं गांव, रंग, धंदा किंवा हुद्दा यांवरून इंग्रजी आडनांव घ्यावें असें फर्माविलें. सतराव्या शतकांत गेलिक सत्ता मोडल्यावर 'ओ' व 'मॅक' गळूं लागले आणि भाषांतरें वाढलीं. लोहाराचा पुत्र 'मॅक गवन' हा 'स्मिथ' झाला. हें भाषांतर निदान बरोबर आहे. परंतु 'मॅक कोनरी' या नांवाच्या शेवटीं 'री', म्हणजे राजा, हा शब्द ऐकूं आल्याचा भास होऊन त्याचें 'किंग' केलें गेलें. वस्तुतः तें एका पूर्वजाचें विशेषनाम आहे. 'सेर' या शब्दाचे कारागीर व स्वतंत्र असे दोन अर्थ असल्यामुळें सुताराचा पुत्र 'मॅक अन् तीर' हा कोठें 'कारपेंटर', तर कोठें 'फ्रीमन' झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाषाभिमानाच्या चळवळीमुळें अनेकांनीं 'ओ' पुन्हा धारण केला.

यास्तव गेलिक रूप, मूळ प्रदेश आणि नोंदीचा काळ हीं तीन निश्चित झाल्यावांचून अर्थ सांगूं नये. पण या निश्चितीचीं साधनेंच ३० जून १९२२ रोजीं यादवींत डब्लिनच्या सरकारी दप्तरखान्याबरोबर जळालीं. त्यांत मृत्युपत्रांचे व शिरगणतीचे असंख्य कागद गेले. एकोणिसाव्या शतकांतील विल्यम बेथम यानें जुन्या मृत्युपत्रांवरून वंशावळीचीं टिपणें करून ठेविलीं होतीं. अस्सल नष्ट झाल्यावर आज तींच प्रमाण मानावीं लागतात.

संग्राहकांनीं यांतून घ्यावयाचा बोध उघड आहे. उतारा करतांना नांव जसें लिहिलें असेल तसेंच उतरावें. सुधारूं नये व भाषांतर तर करूंच नये. अस्सलाच्या पश्चात् नक्कलच साक्षीस उभी राहते.