फ्रॉस्ट, जॉन डटन

फ्रॉस्ट, मेजर जनरल जॉन डटन : (३१ डिसेंबर १९१२–२१ मे १९९३). ब्रिटिश छत्रीदलाचे सेनानी. दुसऱ्या महायुद्धात नेदरलँड्समधील आर्नेमच्या पुलावर दिलेल्या झुंजीबद्दल विख्यात.

जन्म पुण्याचा; वडील ब्रिटिश हिंदी लष्करात अधिकारी होते. सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन १९३२ मध्ये ते कॅमेरोनियन्स या स्कॉटिश पलटणीत दाखल झाले. पुढे इराकमध्ये नेमणूक झाली. तेथून निघताना शिकारी मंडळाने त्यांना तांब्याचे शिंग भेट दिले. छत्रीधारी सैनिक जमिनीवर उतरतात ते विखुरलेले. त्यांना गोळा करण्यासाठी फ्रॉस्ट युद्धात हेच शिंग फुंकत.

फेब्रुवारी १९४२ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरील ब्रुनेव्हाल येथे सुमारे १२० जणांनिशी रात्री उतरून त्यांनी जर्मन ‘वुर्त्सबुर्ग’ रडारचे भाग सोडवून आणले व तुकडी समुद्रमार्गे परतली. यासाठी त्यांना ‘मिलिटरी क्रॉस’ मिळाला. त्याच वर्षअखेरीस ट्युनिशियातील औदना येथे शत्रूच्या मुलखात मदतीविना अडकलेली दुसरी पॅराशूट बटालियन त्यांनी लढत-लढत माघारी आणली. मात्र जवळजवळ निम्मे सैनिक गमावले. ट्युनिशियातील कामगिरीबद्दल ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ (डीएसओ) लाभली. १९४३ मध्ये सिसिलीतील प्रिमोसोले पुलाच्या लढाईतही ते होते.

१७ सप्टेंबर १९४४ रोजी त्यांची बटालियन आर्नेमपासून बऱ्याच अंतरावर उतरली आणि संध्याकाळी ऱ्हाईनवरील पुलाच्या उत्तर टोकाशी पोहोचली. भूदल येईपर्यंत ४८ तास संपूर्ण डिव्हिजनने पूल राखावा, अशी योजना होती. प्रत्यक्षात पोहोचले सुमारे ७४५ जण. त्यांनी तीन दिवस व चार रात्री टोक राखले. १८ तारखेला पुलावरून चालून आलेला चिलखती गाड्यांचा जर्मन ताफा त्यांनी मोडून काढला. त्यानंतर रणगाडे व तोफांनी एकेक घर पेटवले; तळघरे जखमींनी भरली. २० तारखेला फ्रॉस्ट यांचे पाय जखमी झाले. तळघरातील जखमी जळू नयेत म्हणून अल्पकाळ युद्धविराम करून त्यांना जर्मनांच्या हवाली करण्यात आले. त्यांत फ्रॉस्टही होते. मार्च १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांची सुटका केली. आर्नेमसाठी त्यांना डीएसओ दुसऱ्यांदा मिळाली.

१९६८ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी इंग्लंडमध्ये शेती व पशुपालन केले. ए ड्रॉप टू मेनी हे त्यांचे आत्मकथन. ए ब्रिज टू फार (१९७७) या चित्रपटात त्यांची भूमिका अँथनी हॉपकिन्स यांनी केली. त्यांनी राखलेला मूळ पूल युद्धातच नष्ट झाला. त्याच जागी नव्याने बांधलेल्या पुलाला आर्नेमकरांनी त्यांच्या हयातीतच ‘जॉन फ्रॉस्ट पूल’ असे नाव दिले. लढाई हरली, तरी गावाने झुंज विसरली नाही.